महमूद अल-गोहरी : बरोबरीचं गणित आणि पाठीवरचं बिऱ्हाड

१९९०चा इटलीतला विश्वचषक ज्यांनी रात्री जागून दूरदर्शनवर पाहिला, त्यांना आफ्रिका म्हटलं की कॅमेरून आठवतो, कॉर्नरच्या झेंड्यापाशी नाचणारा रॉजर मिला आठवतो. त्याच स्पर्धेत आफ्रिकेचा आणखी एक संघ होता, इजिप्त. तीन सामने, एक गोल, आणि गाशा गुंडाळून परत. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं, असंच बहुतेकांचं मत. पण त्या संघाचे प्रशिक्षक महमूद अल-गोहरी यांचा प्रवास नीट पाहिला, तर फुटबॉलमधला एक अवघड प्रश्न बराच सोपा होतो. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक नेमकं करतो तरी काय? आणि या मंडळींचं बिऱ्हाड कायम पाठीवर का असतं?

आधी पहिला प्रश्न. क्लबच्या प्रशिक्षकाला खेळाडू रोज भेटतात. सकाळी सराव, दुपारी चर्चा, आठवड्याला सामना. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी मैदानावर ती सुधारता येते. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाच्या नशिबी हे नसतं. खेळाडू आपापल्या क्लबकडून पगार घेतात, तिथंच राबतात, आणि सामन्याच्या तोंडावर चार-सहा दिवसांसाठी देशाच्या संघात येतात. तेवढ्यात त्यांना एकत्र खेळायला शिकवायचं. कौशल्य, डावपेच, शिस्त या सगळ्याच्या आधी या प्रशिक्षकाला कमी पडतो तो वेळ. गोहरींची कारकीर्द म्हणजे हा वेळ मिळवण्यासाठी केलेली झटापट आहे, असं मला वाटतं. कधी त्यांनी तो भांडून मिळवला, कधी त्याच्याशिवाय भागवलं, आणि अगदी शेवटी, परक्या देशात, तो त्यांना हवा तेवढा मिळाला.

२० फेब्रुवारी १९३८ रोजी कैरोत त्यांचा जन्म झाला. अल अहली या इजिप्तच्या सर्वात लोकप्रिय क्लबकडून ते आघाडीवर खेळत. १९५९ साली कैरोत दुसरा आफ्रिका चषक झाला, तेव्हा स्पर्धेत तीनच संघ होते: यजमान, सुदान आणि इथिओपिया. इथिओपियाला ४-० हरवताना गोहरींनी तीन गोल केले, स्पर्धेत सर्वाधिक गोल त्यांचेच ठरले आणि चषकही घरी राहिला. पुढं गुडघ्याच्या दुखापतीनं खेळ लवकर सुटला. ते लष्करात अधिकारी होते, १९७३च्या युद्धातही होते. पुढं आयुष्यभर त्यांना ‘जनरल’ म्हटलं गेलं ते यामुळं. त्यांच्या संघांची कडक शिस्त, सामन्याआधीची बारकाईची तयारी, समोरच्याची ताकद मोजून मगच पाऊल टाकण्याची सवय, हे सारं पाहिलं की ते नाव त्यांना का चिकटलं हे कळतं.

आता बिऱ्हाडाचा प्रश्न. सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशानं आखाती देशांचे क्लब श्रीमंत झाले. मैदानं बांधता येत होती, परदेशी खेळाडू आणता येत होते, पण स्थानिक मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवणारी जाणती माणसं तिथं फार नव्हती. इजिप्त, ट्युनिशिया, मोरोक्को, अल्जीरिया या उत्तर आफ्रिकी देशांत फुटबॉल जुना, प्रशिक्षक भरपूर आणि भाषा अरबीच. साहजिकच जेद्दा, दुबई, मस्कत, कुवेत असा रस्ता तयार झाला. घरी नोकरी गेली की आखातात जायचं, तिथं दोन हंगाम काढायचे, घरचं बोलावणं आलं की परतायचं. उत्तर आफ्रिकेतल्या कितीतरी प्रशिक्षकांची आयुष्यं या येरझाऱ्यांत गेली आहेत. गोहरी या रस्त्यावरच्या पहिल्या नामवंतांपैकी. जेद्दाच्या अल-इत्तिहादमध्ये त्यांनी जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रॅमर यांचे सहायक म्हणून काम केलं. क्रॅमर म्हणजे जपानच्या फुटबॉलचा पाया घालणारे आणि बायर्न म्युनिकला १९७५ व १९७६ असे लागोपाठ दोन युरोपीय चषक जिंकून देणारे गृहस्थ. त्यांच्या हाताखाली शिकायला मिळणं ही मोठीच गोष्ट होती.

तिथून परतल्यावर १९८२ साली गोहरींनी अल अहलीला क्लबांचा आफ्रिका चषक जिंकून दिला. अहलीचा हा पहिलाच आफ्रिकी चषक. पुढं १९८८मध्ये राष्ट्रीय संघ हाती आला.

इजिप्त याआधी विश्वचषकात एकदाच खेळला होता, १९३४ साली, तोही एकच सामना. हंगेरीनं ४-२ हरवलं आणि विषय संपला. त्यानंतर ५६ वर्षं काही नाही. १९८९च्या शेवटच्या पात्रता लढतीत समोर होता अल्जीरिया, म्हणजे ८२ आणि ८६च्या विश्वचषकांत खेळून आलेला संघ. कॉन्स्टंटिनमधला पहिला सामना ०-० सुटला. १७ नोव्हेंबरला कैरोत, खच्चून भरलेल्या मैदानात, अगदी सुरुवातीलाच होसाम हसननं डोक्यानं गोल केला आणि उरलेला सामना इजिप्तनं दात-ओठ खाऊन वाचवला. सामन्यानंतर मोठा राडा झाला, दोन देशांतलं फुटबॉलचं नातं पुढं वीस वर्षं नासलं. पण इजिप्त इटलीला निघाला.

इथं गोहरींनी जी मागणी केली ती आज कुठला प्रशिक्षक तोंडातून काढणारही नाही. त्यांना वेळ हवा होता आणि तो क्लबांच्या वेळापत्रकात अडकला होता. तेव्हा देशाची लीगच थांबवा, असा आग्रह त्यांनी धरला, आणि तो मान्य झाला. १९८९-९०चा इजिप्शियन लीगचा हंगाम मध्येच रद्द झाला. विचार करा, अहली आणि त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी क्लब झमालेक यांच्या चाहत्यांत जिथं कैरो शहर दोन तुकड्यांत वाटलं जातं, तिथं अख्खा हंगाम बंद! क्लबांचं नुकसान झालं, टीकाही झाली. मला तो निर्णय धाडसी आणि योग्य वाटतो. राष्ट्रीय संघ जणू एक क्लबच झाला. महिनोन् महिने एकत्र सराव, एकामागून एक मैत्रीपूर्ण सामने. मे १९९०मध्ये अॅबरडीनला जाऊन त्यांनी स्कॉटलंडला ३-१ हरवलं, तेव्हा या तयारीचं फळ जगाला पहिल्यांदा दिसलं.

विश्वचषकात गट मिळाला तो हॉलंड, इंग्लंड आणि आयर्लंडचा. हॉलंड तेव्हा युरोपचा विजेता. व्हॅन बास्टेन, गुलिट, रायकार्ड, कुमन सगळे त्या संघात. गोहरींची योजना साधी होती: आधी गोल खायचा नाही. त्यासाठी माणसं मागं, मधली जागा अरुंद, चेंडू मिळाला की लगेच पुढं धाव. आता ही योजना भित्रेपणाची होती की शहाणपणाची, हे ठरवायला त्या स्पर्धेचे नियम माहीत हवेत.

तेव्हा जिंकलं की दोन गुण मिळत, बरोबरीला एक. म्हणजे दोन बरोबऱ्या म्हणजे एक विजय. विजयाला तीन गुण विश्वचषकात १९९४पासून आले. शिवाय संघ चोवीस, गट सहा. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढं जाणारच, वर तिसऱ्या क्रमांकाच्या सहा संघांपैकी चांगले चार. अशा मांडणीत दुबळ्या संघानं मोठ्यांवर तुटून पडण्यात अर्थ नव्हता. न हरणं हीच अर्धी कमाई होती.

पालेर्मोत पहिला सामना हॉलंडशी. उत्तरार्धात हॉलंडनं गोल केला, पण इजिप्त खचला नाही. होसाम हसन गोलकडे सुसाट निघाला असताना कुमननं त्याला मागून खेचलं, पेनल्टी मिळाली आणि मगदी अब्देलगनीनं ती मारली. १-१. युरोपच्या विजेत्यांशी बरोबरी. (विश्वचषकातला इजिप्तचा हा गोल पुढं २८ वर्षं शेवटचा राहिला. २०१८मध्ये रशियात मोहम्मद सालाहनं पेनल्टीवर गोल केला तेव्हा कुठं ती यादी पुढं सरकली.)

दुसरा सामना आयर्लंडशी, ०-०, आणि हा सामना फुटबॉलच्या इतिहासात कंटाळवाणा म्हणून गाजला. त्या वेळी बचावपटूनं पायानं मागं दिलेला चेंडू गोलरक्षक हातात घेऊ शकत असे. म्हणजे दबाव आला की चेंडू मागं, गोलरक्षकानं तो उचलायचा, थोडा वेळ काढायचा, जवळच्या गड्याला द्यायचा, त्यानं परत मागं. समोरचा संघ धावून दमणार, घड्याळ पुढं सरकणार. इजिप्तनं हे मन लावून केलं. आयर्लंडचे प्रशिक्षक जॅक चार्ल्टन सामन्यानंतर संतापले होते. गंमत अशी की वेळ दोन्हीकडून वाया गेला. आयर्लंडचा गोलरक्षक पॅकी बॉनर याच्या हातात चेंडू सगळा मिळून सहाएक मिनिटं होता, असं त्या सामन्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. १९९२मध्ये नियम बदलला आणि पायानं मागं दिलेला चेंडू गोलरक्षकानं हातात घेणं बंद झालं. या बदलामागं १९९०च्या स्पर्धेतला रटाळ खेळ होता, आणि त्याचं उदाहरण म्हणून हा सामना हमखास पुढं येतो. पण नियमानं जे चालत होतं तेच गोहरींनी केलं. ५६ वर्षांनी आलेल्या संघाच्या प्रशिक्षकानं आयर्लंडच्या करमणुकीसाठी हरायला हवं होतं, असं मला कधीच पटलं नाही.

दोन सामन्यांनंतर या गटात जे चित्र होतं, तसं क्वचितच होतं. चारही संघांच्या दोन-दोन बरोबऱ्या, एक १-१, एक ०-०. चौघांचेही गुण दोन, केलेला गोल एक, खाल्लेला गोल एक. आकडे हुबेहूब सारखे.

२१ जूनला काल्यारीत इंग्लंडशी गाठ पडली. त्याच वेळी पालेर्मोत आयर्लंड आणि हॉलंड १-१ असे सुटणार होते. इजिप्तनं ०-० राखलं असतं, तर चौघांचे तीन-तीन गुण झाले असते. आयर्लंड आणि हॉलंडचे गोल जास्त म्हणून ते वर, आणि इंग्लंड व इजिप्त यांच्यात सगळंच सारखं. मग तिसरा कोण, हे चिठ्ठी टाकून ठरलं असतं, आणि इतर गटांत ऑस्ट्रिया व स्कॉटलंड दोन गुणांवरच अडकल्यामुळं तिसरा संघही पुढं गेला असता. म्हणजे दुसऱ्या फेरीची शक्यता निम्मी-निम्मी. चिठ्ठी ही काही हवेतली गोष्ट नाही. त्याच गटात आयर्लंड आणि हॉलंड यांचा दुसरा-तिसरा क्रमांक खरोखरच चिठ्ठ्या टाकून लावला गेला.

पण उत्तरार्धात पॉल गॅस्कॉइननं डावीकडून फ्री-किक आत टाकली. गोलरक्षक अहमद शोबेर जागा सोडून पुढं आला, चेंडू त्याच्या हाती लागला नाही आणि मार्क राइटनं डोक्यानं तो जाळ्यात ढकलला. इंग्लंडसाठी राइटचा हा एकमेव गोल. हातातोंडाशी आलेला घास गेला. इंग्लंड पुढं उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि इजिप्त गटात शेवटचा म्हणून नोंदला गेला. नुसता गुणतक्ता पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

या स्पर्धेनं इजिप्तच्या खेळाडूंसाठी युरोपची दारं उघडली. हानी रामझी स्वित्झर्लंडला गेला, होसाम आणि त्याचा जुळा भाऊ इब्राहिम ग्रीसला. देशात व्यावसायिक करारांची पद्धत रुजवण्यातही गोहरींच्या आग्रहाचा मोठा वाटा होता. आणि त्यांना स्वतःला काय मिळालं? त्याच वर्षी ग्रीसमध्ये एका मैत्रीपूर्ण सामन्यात संघ ६-१ हरला आणि त्यांना नारळ मिळाला. विश्वचषकानंतर अवघ्या काही महिन्यांत.

प्रशिक्षकाची भटकंती अशीच सुरू होते. पगार आणि महत्त्वाकांक्षा असतेच, पण बऱ्याचदा एका वाईट संध्याकाळीनंतर कुणाचा तरी बळी द्यावा लागतो, आणि अकरा खेळाडू बदलण्यापेक्षा एक माणूस बदलणं संघटनेला सोपं जातं. काही काळानं राग निवळतो, नवा माणूसही हरतो, मग जुन्याची आठवण येते. गोहरींच्या बाबतीत हे चक्र पुन्हा पुन्हा फिरलं.

ते परत आले, १९९२चा अरब चषक जिंकला. मग १९९४च्या विश्वचषकाची पात्रता फेरी आली. फेब्रुवारी १९९३मध्ये कैरोत झिंबाब्वेला २-१ हरवून इजिप्त पुढच्या फेरीत गेला होता, पण प्रेक्षकांतून दगड आणि इतर वस्तू मैदानात आल्या. झिंबाब्वेच्या प्रशिक्षकांना मार लागला. फिफानं निकाल रद्द करून सामना फ्रान्समध्ये, लियाँला, पुन्हा खेळवला. तो ०-० झाला आणि इजिप्त बाहेर. मैदानावर जिंकलेला सामना गॅलरीनं घालवला, आणि प्रशिक्षकपद पुन्हा गेलं.

नंतर गोहरींनी झमालेक स्वीकारला. अहलीच्या घरच्या माणसानं झमालेककडे जाणं कैरोत सहज पचत नाही. पण त्यांनी १९९३चा क्लबांचा आफ्रिका चषक झमालेकला मिळवून दिला, आणि जानेवारी १९९४मध्ये जोहान्सबर्गला आफ्रिकी सुपर चषकात समोर होता खुद्द अहली. झमालेक १-० जिंकला. दोन्ही क्लबांना आफ्रिकेचं विजेतेपद देणाऱ्या माणसाबद्दल दोन्हीकडच्या लोकांना आदर वाटावा, ही कैरोत फार दुर्मीळ गोष्ट आहे. पुढं पुन्हा आखात, अमिरातीतला क्लब, ओमानचा राष्ट्रीय संघ, आणि १९९७मध्ये परत घरचं बोलावणं.

१९९८चा आफ्रिका चषक बुर्किना फासोत होता. या वेळी वेळ नव्हता, लीग बंद ठेवणं तर शक्यच नव्हतं. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला, अनुभवी माणसांचा. ३१ वर्षांच्या होसाम हसनला संघात घेतलं म्हणून वर्तमानपत्रांनी झोड उठवली. आपला संघ तेरावा येईल, असं गोहरींनी स्पर्धेआधी सांगून टाकलं होतं, ही गोष्ट इजिप्तमध्ये आजही सांगितली जाते. स्पर्धेत संघ सोळा होते, म्हणजे अपेक्षांचं ओझं त्यांनी खेळाडूंच्या डोक्यावरून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. होसामनं सात गोल केले: मोझांबिकविरुद्ध दोन, झांबियाविरुद्ध तीन, आणि उपांत्य फेरीत यजमान बुर्किना फासोविरुद्ध दोन. २८ फेब्रुवारीला वागादुगूत अंतिम सामन्यात गतविजेत्या दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिल्या पंधरा मिनिटांतच अहमद हसन आणि तारेक मुस्तफा यांचे गोल झाले. २-०. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी आफ्रिका चषक जिंकणारे गोहरी पहिले. नंतर नायजेरियाच्या स्टीफन केशीनं, १९९४ आणि २०१३मध्ये, ते साधलं.

पुढच्याच वर्षी मेक्सिकोतल्या कॉन्फेडरेशन्स चषकात इजिप्तनं यजमानांना २-२ रोखलं, पण सौदी अरेबियाकडून ५-१ हार झाली आणि गोहरींना पुन्हा घरी पाठवलं गेलं. पुन्हा बोलावणं, २००२च्या विश्वचषकाची हुकलेली पात्रता, आफ्रिका चषकात कॅमेरूनकडून उपांत्यपूर्व फेरीत हार, आणि हे दार कायमचं बंद.

तेव्हा ते ६४ वर्षांचे होते. कुणीही म्हटलं असतं, आता विश्रांती घ्या. ते जॉर्डनला गेले.

जॉर्डन हा लहान देश, आशिया चषकात तोवर एकदाही न खेळलेला. तिथल्या संघटनेचे प्रमुख राजपुत्र अली बिन अल हुसेन यांनी गोहरींना जे दिलं ते कैरोनं कधी दिलं नव्हतं: पाच वर्षं सलग काम. एखादा सामना हरला म्हणून कुणी पेटी भरायला लावली नाही. राष्ट्रीय संघाबरोबरच लहान वयाच्या मुलांना शोधून घडवण्याच्या कामातही त्यांनी लक्ष घातलं.

२००४चा आशिया चषक चीनमध्ये झाला. जॉर्डननं दक्षिण कोरियाला ०-० रोखलं, कुवेतला २-० हरवलं, अमिरातीशी ०-०. गटात एकही गोल खाल्ला नाही. १९९०मध्ये नावं ठेवली गेलेली तीच विद्या, चौदा वर्षांनी. उपांत्यपूर्व फेरीत चुंगचिंगला समोर गतविजेता जपान. १-१ बरोबरी, मग पेनल्टी. जपानचे पहिले दोन फटके नाकामुरा आणि सांतोस यांनी मारले. दोघे डावखुरे, आणि ज्या जागी टेकूचा पाय रोवायचा तिथली हिरवळ उखडत होती. दोघेही घसरले, दोन्ही चेंडू वरून गेले. जपानचा कर्णधार मियामोतो पंचांकडे गेला, जमिनीची अवस्था दाखवली, आणि पंचांनी शूटआउट अर्ध्यात असताना पेनल्टी दुसऱ्या टोकाच्या गोलवर घ्यायला लावल्या. असं कुणी फारसं पाहिलेलं नव्हतं. त्यानंतर विजय एका फटक्यावर आलेला असतानाही जॉर्डनचे फटके चुकत गेले, जपाननं ४-३ असा निकाल फिरवला आणि पुढं चषकही जिंकला. तरी त्याच वर्षी जॉर्डन फिफाच्या क्रमवारीत ३७वा होता, त्याच्या इतिहासातलं सर्वोत्तम स्थान. २००७मध्ये जॉर्डनची वीस वर्षांखालची मुलं कॅनडातल्या युवा विश्वचषकात खेळली.

गोहरी मधल्या काळात इजिप्तच्या संघटनेत तांत्रिक संचालक म्हणून येऊन गेले, पण रमले ते अम्मानमध्येच, सल्लागार म्हणून. तिथंच ३ सप्टेंबर २०१२ रोजी, ७४व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतर उत्तर आफ्रिका ते अम्मान ही वाट वाहती राहिली. २०१३मध्ये जॉर्डन विश्वचषकाच्या अगदी उंबरठ्यावर, उरुग्वेविरुद्धच्या प्लेऑफपर्यंत पोचला, तेव्हा प्रशिक्षक होता होसाम हसन. मोरोक्कोच्या हुसेन अम्मूतांनी २०२४च्या सुरुवातीला जॉर्डनला आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात नेलं. जून २०२५मध्ये मस्कतला ओमानला ३-० हरवून जॉर्डन पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरला, तेव्हा मैदानाकडेला उभे होते मोरोक्कोचेच जमाल सेलामी. आणि काही महिन्यांनी त्याच २०२६च्या विश्वचषकात इजिप्तनंही जागा मिळवली, प्रशिक्षक होसाम हसन यांच्या हाताखाली.